बिनपगारी संप

शेजारच्या आजोबांच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर, एक जुना फोटो टांगलेला आहे. १९६६ सालचा कॉर्कचा हर्लिंग संघ. कॉर्क ही आयर्लंडमधली आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, आणि हर्लिंग हा काठी-चेंडूचा इथला खेळ. खेळाडूंच्या दोन रांगा, हातात अ‍ॅश लाकडाच्या काठ्या, आणि त्यांच्यात कप्तान जेराल्ड मॅकार्थी, जेमतेम विशीतला. बारा वर्षांच्या खंडानंतर त्या वर्षी ऑल-आयर्लंडचा करंडक कॉर्कला परत आला होता. फोटोच्या काचेला डाव्या कोपऱ्यातून तडा गेलाय. तो तिरपा वर चढतो आणि मागच्या रांगेतल्या एका खेळाडूच्या खांद्याशी थांबतो. आठ वर्षं मी त्या घरात चहा पितेय, पण तड्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातल्या फुटक्या वस्तूकडे बोट दाखवू नये, ही आईची शिकवण.

विचारलं ते २०२५ च्या २० जुलैला. फायनल होती, कॉर्क विरुद्ध टिपरारी. आमची गल्ली आठवडाभर लाल-पांढऱ्या झेंड्यांनी भरून गेली होती. त्या मोसमात कॉर्कने लीग जिंकली होती, मन्स्टर प्रांताचं विजेतेपदही जिंकलं होतं. आता मोठा करंडक तेवढा बाकी होता. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. आजोबांची मुलगी सँडविचचं ताट फिरवत होती. मग दुसरा अर्धा सुरू झाला, आणि त्या संपूर्ण अर्ध्यात कॉर्कने केले फक्त दोन गुण. दोन. टिपरारी पंधरा गुणांनी जिंकली. खोलीत कोणी उठेना की बोलेना.

"२००५ नंतर एकदाही नाही," आजोबा शेवटी म्हणाले. "वीस वर्षं झाली."

"संप केल्यापासून," मागून कोणीतरी पुटपुटलं.

आजोबांच्या मुलीने झटकन मान वळवली. "संप नव्हता तो. पोरं स्वतःसाठी उभी राहिली होती."

आजोबा फोटोकडे बघत राहिले. तेव्हा मी विचारलं.

तडा २००९ च्या फेब्रुवारीतला आहे. कॉर्क शहरात खेळाडूंच्या पाठिंब्यासाठी मोर्चा निघाला होता, हजारो माणसं रस्त्यावर आली होती. मुलगी मोर्चाला निघाली, वडिलांनी अडवलं, शब्दाला शब्द वाढला, आणि जाताना तिने दार असं आपटलं की फोटो भिंतीवरून खाली आला. वडील तेव्हाचे मॅनेजर मॅकार्थींच्या बाजूचे, मुलगी संपावर गेलेल्या खेळाडूंच्या बाजूची. त्या वर्षी दोघं एकाही सामन्याला बरोबर गेले नाहीत. काच मात्र बदलायची राहून गेली.

त्या रात्री मला झोप लागेना. 'संप' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझे मामा लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या त्या संपाने आमच्या आजोळचं घर कसं उतरणीला लागलं, हे मी आजीकडून कितीदा तरी ऐकलंय. संप म्हटलं की पगार, बोनस, घरी बसलेला माणूस, किराणावाल्याची उधारी. पण इथे पगार होता कुठे? हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी जीएए ही संघटना १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली, आणि तिथपासून आजपर्यंत तिचे खेळाडू हौशीच आहेत. डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये ८२ हजारांवर माणसं ज्याच्या नावाने ओरडतात, तो सोमवारी सकाळी वर्गात फळ्यापाशी उभा असतो किंवा कुठल्या ऑफिसात लॉग-इन करत असतो. ज्याला पगारच नाही, तो माणूस संप करतो म्हणजे नेमकं काय बंद करतो?

हे समजून घ्यायला मला इथल्या रचनेचा एक धागा नीट पकडावा लागला. इथे संघ विकत घेता येत नाही आणि मनाला येईल तसा बदलताही येत नाही. तुमचं गाव, तुमचा पॅरिश म्हणजे तुमच्या चर्चचा परिसर, तिथला क्लब. त्या क्लबातून तुम्ही काउंटीच्या संघात जाता. कॉर्कचा मुलगा कॉर्ककडून खेळतो. मॅनेजरशी पटलं नाही म्हणून पुढच्या वर्षी किल्केनीची जर्सी घातली, असं होत नाही. पैशाच्या फुटबॉलमध्ये भांडण झालं की खेळाडू दुसरीकडे जातो किंवा मालक मॅनेजरला नारळ देतो. इथे मालक नाही, करार नाही, दुसरीकडे जायची सोपी वाटही नाही. मॅनेजर नेमतो काउंटी बोर्ड, आणि बोर्डावर बसतात क्लबांनी निवडून पाठवलेली माणसं. खेळाडूच्या हातात एकच गोष्ट पूर्णपणे त्याची स्वतःची असते, ती म्हणजे मंगळवारी संध्याकाळी सरावाला येणं. येणं किंवा न येणं.

कॉर्कमध्ये हे तीनदा झालं. पहिल्यांदा २००२ च्या नोव्हेंबरात. हर्लिंगच्या खेळाडूंनी जाहीर केलं, आम्ही खेळणार नाही. मागण्या वाचल्या तर आज लाज वाटावी अशा होत्या: डॉक्टरची नीट सोय, व्यायामशाळा, प्रवासाची धड व्यवस्था, घरच्यांसाठी तिकिटं. दोन आठवड्यांच्या आसपास सगळं मिटलं आणि डोनल ओग्रेडी नवे मॅनेजर झाले. पुढच्या वर्षी कॉर्क फायनलला, २००४ मध्ये विजेते, २००५ मध्ये पुन्हा विजेते. २००५ चा कप्तान होता शॉन ओग ओ हॅल्पिन, फिजीत जन्मलेला आणि लहानपणी कॉर्कमध्ये आलेला. माझी मुलगी इथे जन्मली, तेव्हा तिच्या गोऱ्यापान वर्गमैत्रिणींमध्ये ती कशी रुळेल ही काळजी मला होती. त्या माणसाचे जुने फोटो पाहिले आणि ती काळजी थोडी हलकी झाली, हे इथे सांगायलाच हवं.

दुसऱ्यांदा २००७-०८ च्या हिवाळ्यात. फुटबॉल संघाच्या मॅनेजरला सहकारी निवडकर्ते स्वतः घेता येणार नाहीत, ते बोर्ड ठरवेल, असा नियम झाला आणि त्या नियमाखाली टेडी हॉलंड यांनी पद घेतलं. फुटबॉलवाले बाहेर पडले. हर्लिंगवाल्यांचा मॅनेजर वेगळा, त्यांचं यात थेट काहीच नव्हतं, तरी तेही बाहेर पडले. तीनेक महिने हे चाललं. शेवटी कामगारांचे तंटे सोडवणारे कीरन मल्वी मध्यस्थीला बसले. पगार नसलेल्या माणसांच्या संपात कामगार-तंट्यांचा सरकारी जाणकार! हॉलंड यांना जावं लागलं, कॉनर कुनिहन आले, आणि २०१० मध्ये कॉर्कने फुटबॉलचा ऑल-आयर्लंड एका गुणाने जिंकला.

आणि तिसऱ्यांदा, तड्याच्या वेळचा. २००८ चा मोसम संपल्यावर मॅनेजर नेमायला जी समिती बसली, तिच्यात खेळाडूंनाही जागा होत्या, पण बहुमत बोर्डाचं. खेळाडू नको म्हणत असताना जेराल्ड मॅकार्थी यांनाच पुन्हा नेमलं गेलं. त्या वर्षीच्या संघातले खेळाडू म्हणाले, यांच्या हाताखाली आम्ही खेळणार नाही.

आता हे मॅकार्थी कोण, ते बघा. फोटोतला तोच मुलगा. १९६६ नंतर १९७० मध्ये जिंकलेला, आणि मग १९७६, ७७, ७८ असे सलग तीन. एकूण पाच ऑल-आयर्लंड पदकं. कॉर्कच्या कितीतरी घरांत त्यांचा फोटो देवघरातल्या तसबिरीसारखा जपलेला. अशा माणसाला त्याच्याच जर्सीतली पोरं सांगतात, तुम्ही नको. आणि ती पोरं तरी कोण? त्याच घरांत वाढलेली, तोच फोटो बघत बघत काठी हातात धरायला शिकलेली. गोलकीपर डोनल ओग क्युसॅक क्लॉइन गावचा. ज्यांच्याइतका मोठा हर्लर कॉर्कमध्ये झाला नाही असं इथे मानतात, त्या क्रिस्टी रिंग यांचं हे गाव. तिथे त्यांचा पुतळाही आहे. या भांडणात परकं कोणीच नव्हतं. म्हणूनच ते इतकं चिघळलं असावं. भाऊबंदकीची कडू चव परक्याच्या वैरात नसते.

बोर्डाने नवी पोरं घेऊन संघ उभा केला. २००९ ची लीग सुरू झाली आणि ही पोरं हरू लागली. १० मार्चला मॅकार्थींनी पद सोडलं. जाताना त्यांनी सांगितलं की आपल्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. खेळातल्या भांडणावरून, तेही त्यांच्या स्वतःच्या शहरात. डेनिस वॉल्श आले, जुने खेळाडू परतले, मोसम पुढे सरकला.

मी कोणाच्या बाजूची आहे, हे आजोबांच्या मुलीने मला नंतर विचारलं. मी खेळाडूंच्या बाजूची आहे. ते मी आजोबांसमोरही बोलले आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. पण ते का, हे सांगायला मला साताऱ्याजवळच्या एका शाळेच्या मैदानावर जावं लागेल.

मी आठवी-नववीत खो-खो खेळत होते. मैदानात नऊ जणी लागतात. आमचे शिक्षक मेहनती होते, पहाटे साडेपाचला सायकलवरून यायचे, एक पैसा जास्तीचा मिळत नसताना. पण आमच्यातल्या एकीचा घोटा सुजला होता, उभं राहिलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्यांनी तिला खांब ते खांब पळवलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आम्ही सहा जणी गेलोच नाही. कोणी भाषण केलं नाही, निवेदन दिलं नाही. शाळेमागच्या चिंचेखाली बसून राहिलो. मैदानातून त्यांची शिट्टी ऐकू येत होती. एकदा, दोनदा, मग बराच वेळ काही नाही. दोन दिवसांनी घरच्यांनी आम्हाला ओळीत उभं करून माफी मागायला लावली. सरांनी माफी घेतली आणि म्हणाले, "मला येऊन सांगायचं होतं." आम्ही सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं, आमचं न येणं मात्र ऐकू आलं.

इतकी वर्षं झाली, ती थांबलेली शिट्टी माझ्या कानातून जात नाही. त्यांचं चुकलं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. आणि त्या मोकळ्या मैदानावर ते एकटे उभे होते, हेही मला आजही सोसत नाही. दोन्ही खरं आहे. आजोबांच्या घरातली दोन माणसं या दोन खऱ्या गोष्टींचं एकेक टोक धरून सतरा वर्षं बसली आहेत, असं मला वाटतं.

कॉर्कबाहेरही हे पुष्कळ झालंय. १९९८ मध्ये ऑफलीचे मॅनेजर बॅब्स कीटिंग यांनी हरल्यावर आपल्या खेळाडूंची तुलना उघडपणे मेंढरांशी केली. खेळाडू पेटले, कीटिंग गेले, मायकेल बाँड नावाचे फारसे कोणाला माहीत नसलेले गृहस्थ आले. त्याच मोसमात क्लेअरविरुद्धच्या सामन्यात पंचांनी वेळेआधी शिट्टी वाजवली, तर ऑफलीचे लोक क्रोक पार्कच्या गवतावर ठिय्या मारून बसले. सामना पुन्हा झाला, ऑफली जिंकली आणि सप्टेंबरात ऑल-आयर्लंडही त्यांनीच नेला. २००८ मध्ये वॉटरफर्डच्या खेळाडूंनी जस्टिन मॅकार्थींना नको म्हटलं, ते गेले, आणि त्याच वर्षी संघ १९६३ नंतर पहिल्यांदा फायनलला पोचला. तिथे किल्केनीने त्यांचा २३ गुणांनी धुव्वा उडवला.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती २०१५ ची. गॉलवेच्या हर्लिंग संघाला अँथनी कनिंगहॅम यांनी चार वर्षांत दोनदा फायनलला नेलं होतं. दोन्हीदा किल्केनीकडून हार. दुसऱ्या हारीनंतर खेळाडूंनी अविश्वासाचं मत दिलं, ते पायउतार झाले. मायो काउंटीच्या फुटबॉल संघात तर पॅट होम्स आणि नोएल कॉनली ही जोडगोळी एकच मोसम टिकली. तिथेही खेळाडूंचं मतदान, तिथेही राजीनामा. पुढे काय झालं? गॉलवे २०१७ मध्ये विजेते, १९८८ नंतर पहिल्यांदा. मायो २०१६ ची फायनल पुन्हा खेळावी लागून एका गुणाने हरले, २०१७ चीही एका गुणाने हरले. १९५१ पासून त्यांच्याकडे करंडक आलेला नाही.

आणि मग लोक निकाल लावतात. गॉलवेची पोरं जिंकली, म्हणजे त्यांचं बरोबर होतं. मायोची हरली, म्हणजे उर्मट होती. हा हिशोब मला पटत नाही. एका गुणाने हरलेल्या संघाची तक्रार खोटी कशी ठरते? एखादा चेंडू दांडीला लागून आत गेला असता तर तीच तक्रार खरी ठरली असती का? आणि जिंकल्यावर तरी कनिंगहॅम यांच्यावर अन्याय झाला की नाही, हा प्रश्न कुठे सुटतो? तो माणूस १९८७-८८ च्या विजेत्या गॉलवे संघातला. पुढे रॉसकॉमनच्या फुटबॉल संघाबरोबर तो २०१९ मध्ये कॉनाक्ट प्रांताचं विजेतेपद जिंकला, म्हणजे कामाचं त्याला कळत नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही.

बरोबर-चूक बघायची तर ती आधी बघावी: पोरांनी नीट सांगून पाहिलं होतं का, आणि ऐकणारं कोणी होतं का? याचं उदाहरण मी डोळ्यांसमोर घडताना पाहिलं. माझी मुलगी कॅमोगी खेळते, म्हणजे मुलींचं हर्लिंग. २०२५ पर्यंत नियम असा होता की सामन्यात मुलींनी स्कॉर्ट घालायचा, आतून चड्डी आणि वरून स्कर्ट. सरावात सगळ्याजणी शॉर्ट्स घालायच्या, सामन्याला मात्र हे. बदलाचा प्रस्ताव २०२४ च्या अधिवेशनात रीतसर आला आणि पडला. मग २०२५ च्या मे महिन्यात डब्लिन आणि किल्केनीच्या खेळाडू लेन्स्टरच्या उपांत्य सामन्याला शॉर्ट्स घालूनच मैदानात उतरल्या. कपडे बदला नाहीतर सामना रद्द, असं त्यांना सांगितलं गेलं. त्या आत जाऊन बदलून आल्या. तो व्हिडिओ घरोघरी बघितला गेला. पुढच्या आठवड्यात कॉर्क-वॉटरफर्डची मन्स्टर फायनल पुढे ढकलावी लागली. २२ मे रोजी खास अधिवेशन भरलं, आणि शॉर्ट्सच्या बाजूने मतं पडली ९८ टक्के.

एका वर्षात माणसं एवढी बदलत नाहीत. त्या मुली आधीही तेच म्हणत होत्या. माझ्या लेकीने त्या रात्री स्कॉर्ट कपाटाच्या तळाशी टाकला आणि मला म्हणाली, "आई, आता हा कोणाला देऊ पण नको." मी दिला नाही.

एक गोष्ट मात्र खेळाडूंच्या बाजूची असूनही मला टोचत राहते. २००९ च्या त्या बदली पोरांबद्दल इथे कोणी फारसं बोलत नाही. लहानपणापासून लाल जर्सीचं स्वप्न बघितलेली पोरं. बोर्डाचा फोन आला, तेव्हा त्यांनी काय करायचं होतं? हो म्हटलं तर मित्र संपफोड्या म्हणणार, नाही म्हटलं तर पुन्हा कधी विचारणा होईल याची खात्री नाही. आजोबांच्या एका नातेवाइकाचा मुलगा त्या वसंतात थोडे सामने खेळला. आजोबांच्या मुलीने मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज एकदम खाली आला. त्याने ती जर्सी घरात कुठे लावली नाही, म्हणाली. वरच्या खोलीत, सूटकेसमध्ये, घडी घालून ठेवलीय. लग्नाच्या वेळी त्याच्या आईने ती फोटोसाठी बाहेर काढली, तर त्याने परत ठेवायला लावली. "मी त्याच्याशी तेव्हा दोन महिने बोलले नव्हते," ती म्हणाली. "त्याला मी हे कधी विचारलंच नाही, की तुला खेळायचं होतं का."

मी तिला चिंचेखाली न आलेल्या मुलींची गोष्ट सांगितली. सहा जणी आम्ही बसलो होतो. बाकीच्या मैदानात गेल्या होत्या. त्यांच्याशी आम्ही वर्षभर नीट बोललो नाही. त्यातल्या एकीचे वडील त्याच शाळेत शिपाई होते.

२०२५ च्या फायनलनंतर कॉर्कचे मॅनेजर पॅट रायन यांनी पद सोडलं आणि बेन ओकॉनर नवे मॅनेजर झाले. बेन ओकॉनर म्हणजे २००४ च्या विजेत्या संघाचा कप्तान. आणि २००८ च्या त्या पॅनेलमधला, मॅकार्थींच्या हाताखाली खेळणार नाही म्हणालेल्यांतला एक. बातमी आली त्या संध्याकाळी मी आणि लेक आजोबांकडेच होतो. लेकीच्या हर्लीची, म्हणजे खेळायच्या काठीची, पकड सुटली होती आणि नवी टेप लावायचं काम आजोबांनी अंगावर घेतलं होतं. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. जुनी टेप ते नखाने सोलून काढतात, दांड्यावरचा चिकटा कापडाने पुसतात, मग वरून खाली नव्या टेपचा एकेक वेढा, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत.

त्यांच्या मुलीने बातमी वाचून दाखवली. आजोबांचे हात थांबले नाहीत.

"चांगला खेळाडू होता," ते म्हणाले. आणखी दोन वेढे घातले. "आता त्याला कळेल, रात्री बाराला फोन वाजतो तेव्हा कसं वाटतं."

"बाबा."

"वाईट नाही म्हणत मी. त्याने सांगितलं तर पोरं ऐकतील, असं म्हणतोय. आणि पोरांनी सांगितलं तर त्याला ऐकू येईल." त्यांनी कात्रीसाठी हात पुढे केला. तिने ती दिली. टेपचं टोक कापून त्यांनी अंगठ्याने दाबून धरलं आणि हर्ली माझ्या लेकीकडे दिली. "धरून बघ. घट्ट आहे ना?"

लेकीने दोन्ही हातांनी धरून हवेत फिरवली, आणि आम्ही तिघंही एकदमच ओरडलो, कारण काठी भिंतीवरच्या फोटोच्या वीतभर अंतरावरून गेली होती.